पेशंटला व्हेंटिलेटरवरून सोडवताना: बेडजवळच्या नर्ससाठी सविस्तर मार्गदर्शन

व्हेंटिलेटर लावायचा निर्णय बऱ्याचदा काही मिनिटांत होतो. तो सोडवायला मात्र दिवस लागतात, आणि ते दिवस जातात नर्सच्या देखरेखीखाली. डॉक्टर राउंडला बेडजवळ थोडा वेळ असतात, आपण सबंध पाळी असतो. पेशंट आज स्वतः श्वास घ्यायला तयार आहे की नाही, याचा पहिला सुगावा त्यामुळे आपल्यालाच लागतो. हा लेख आयसीयूत नव्यानं रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरसाठी आहे. औषधांचे डोस, सेटिंगमधले बदल आणि श्वासनलिकेतली ट्यूब काढायचा अंतिम निर्णय तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलनुसार आणि डॉक्टरांच्या ऑर्डरनेच व्हायला हवा. पण त्या निर्णयापर्यंत पेशंटला नेऊन पोहोचवणं हे आपलं काम आहे.

इतकी घाई कशासाठी? मशीन श्वास देत राहिलं की श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वास ओढणारा, स्नायू झपाट्यानं झिजतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, १८ ते ६९ तास पूर्णपणे मशीनच्या श्वासावर असलेल्या मेंदूमृत दात्यांच्या श्वासपटलाचे तंतू बारीक झालेले आढळले. म्हणजे दोन-तीन दिवसांतच. शिवाय ट्यूब जितके दिवस राहील तितका न्यूमोनियाचा धोका वाढतो. उलट बाजूला, घाईनं काढलेली ट्यूब पुन्हा घालावी लागली तर पेशंटचा आजार लांबतो आणि जिवाचा धोकाही वाढतो. ठरवून ट्यूब काढलेल्या पेशंटांपैकीही साधारण १० ते २० टक्क्यांना ती पुन्हा घालावी लागते. या दोन्हींच्या मधली योग्य वेळ ओळखायची असते.

ट्रायल म्हणजे मशीनची मदत कमी करून पेशंट स्वतः श्वास घेऊ शकतो का, हे बघायची चाचणी. तिच्याबद्दल माझं एक ठाम मत आधीच सांगते. ट्रायलची अर्धी लढाई आदल्या रात्रीच जिंकली किंवा हरली जाते. त्यामुळे पहिली पायरी सकाळची नाही.

आदली रात्र

उद्या ट्रायल होण्याची शक्यता असेल तर आज रात्री पेशंटला झोप मिळाली पाहिजे. रात्रभर दर तासाला दिवे लावून, अलार्म वाजू देऊन, पहाटे चारला अंग पुसून काढलेला पेशंट सकाळी थकलेलाच असणार. कामं एकत्र करा. कूस बदलणं, सक्शन (ट्यूबमधला बेडका ओढून काढणं), तोंडाची स्वच्छता, रक्ताचे नमुने हे सगळं एका फेरीत उरकलं तर मधे सलग दोन-तीन तास शांत मिळतात. रात्री दहानंतर मोठे दिवे बंद ठेवा आणि स्टेशनवरचं बोलणं हळू आवाजात करा. जे पेशंट दिवसा कमी आधारावर असतात, त्यांना रात्री पुरेसा आधार देऊन स्नायूंना विश्रांती देण्याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा. ट्यूबच्या फुग्याचा दाब २० ते ३० सेंटीमीटर पाणी इतका आहे का, हे मॅनोमीटरनं बघा. बोटानं दाबून येणारा अंदाज खरा नसतो. राईल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) अन्न सुरू असेल आणि पोट फुगलेलं असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच कळवा. फुगलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं, मग त्याला खाली सरकायला जागाच उरत नाही. चार-पाच दिवस शौचाला न झालेल्या पेशंटची ट्रायल त्यामुळेही बिघडू शकते, आणि व्हेंटिलेटरच्या आकड्यांत बुडालेल्या राउंडमध्ये ही गोष्ट कोणी काढत नाही. ती आपण काढायची.

सकाळची चाळणी

दिवसपाळीचा हँडओव्हर झाला की प्रत्येक व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची चाळणी करायची, रोज, न चुकता. १९९६ साली अमेरिकेत ३०० पेशंटांवर झालेल्या अभ्यासात फक्त एवढंच वेगळं केलं होतं: रोज चाळणी, जे त्यातून पार पडले त्यांची श्वासाची ट्रायल, आणि निकाल डॉक्टरांना कळवणं. व्हेंटिलेटरवरचा मध्यक काळ ६ दिवसांवरून साडेचार दिवसांवर आला. नर्स किंवा रेस्पिरेटरी थेरपिस्ट प्रोटोकॉलप्रमाणे पुढाकार घेतात तेव्हा पेशंट लवकर सुटतो, हे त्यानंतरच्या अभ्यासांतही दिसलं. आपल्याकडे बहुतेक आयसीयूंमध्ये रेस्पिरेटरी थेरपिस्ट नसतोच, म्हणून हे काम नर्सकडेच येतं.

चाळणीत बघायचं ते असं. ज्या कारणानं ट्यूब घालावी लागली ते कारण सुधारतंय का? ऑक्सिजन ४० ते ५० टक्क्यांच्या आत आणि पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब) ५ ते ८ च्या आत असताना सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) टिकतंय का? बीपी स्थिर आहे का, नोरॅड (बीपी टिकवणारं औषध) बंद आहे किंवा अगदी कमी मात्रेवर आहे का? पेशंट स्वतःहून श्वास ओढतोय का? खोकला येतो का, आणि सक्शन किती वेळा लागतंय? दर तासाला सक्शन लागत असेल तर ट्रायल पार पडली तरी ट्यूब काढणं अवघड जाईल, हे तेव्हाच नोंदवून ठेवा.

सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या) पेशंटला सॅच्युरेशन ८८ ते ९२ पुरतं. त्याला ९८ वर नेण्याचा अट्टहास केला तर कार्बन डायऑक्साइड चढू शकतो आणि पेशंट झोपाळतो.

गुंगी उतरवणं

गुंगीतला पेशंट ट्रायल देऊ शकत नाही. २००० सालच्या एका अभ्यासात गुंगीची औषधं रोज थांबवून पेशंटला जागं केलं, तर व्हेंटिलेटरचा मध्यक काळ ७.३ दिवसांवरून ४.९ दिवसांवर आला. २००८ मध्ये आणखी एका अभ्यासानं दाखवलं की गुंगी उतरवणं आणि श्वासाची ट्रायल रोज जोडीनं केली तर फायदा होतो. आज बऱ्याच ठिकाणी मुळातच हलकी गुंगी ठेवतात. गुंगी मोजायच्या रास स्केलवर शून्य ते उणे एक, म्हणजे हाक मारली की डोळे उघडून आपल्याकडे बघणारा पेशंट.

फिट्स सुरू असतील, डोक्यातला दाब वाढलेला असेल, स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल, किंवा दारू सुटल्यामुळे त्रास होत असून त्यासाठी औषध चढत असेल, तर गुंगी थांबवायची नाही. बाकीच्यांमध्ये डॉक्टरांना विचारून थांबवायची. आधी दुखणं बघा. ऑपरेशनची जखम, छातीतली ड्रेनची नळी, मोडलेली बरगडी असलेल्या पेशंटची मिडाझोलाम (झोपेचं औषध) आणि फेंटानिल (दुखण्याचं औषध) दोन्ही एकदम बंद केली तर तो दुखण्यानं तडफडेल, आणि आपण लिहू ‘पेशंट अस्वस्थ, गुंगी पुन्हा सुरू’. दुखणं दाबून झोपेचं औषध काढता येतं.

जागा होताना पहिली १० ते १५ मिनिटं बेड सोडू नका. कुठे आहे ते त्याला कळत नसतं, घशात काहीतरी अडकलंय एवढंच जाणवतं, आणि हात सरळ ट्यूबकडे जातो. हात बांधण्यापेक्षा हात धरणं केव्हाही चांगलं. त्या वेळी दुसऱ्या बेडचं काम सहकाऱ्याकडे द्या, म्हणजे हात धरायला तुम्ही मोकळ्या राहाल.

बोलणं: ही पायरी कोणी लिहून ठेवत नाही

पेशंट बोलू शकत नाही, पण ऐकत असतो. त्याच्या डोक्यावरून ‘कालची ट्रायल फेल गेली, आज बघू’ असं आपण बिनधास्त बोलतो. मी नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: बेडजवळ ‘फेल’ हा शब्द काढायचा नाही. ‘काल वीस मिनिटं स्वतःच्या श्वासावर राहिलात, आज पुढे जाऊ’ असं म्हणा. खोटं काही नाही त्यात.

ट्रायलच्या आधी समोर उभं राहून, डोळ्याला डोळा भिडवून, छोट्या वाक्यांत सांगा. ‘काका, मी आज दिवसभर तुमच्याजवळ आहे. आता मशीनची मदत थोडी कमी करणार. श्वास तुम्ही घ्यायचाय. दम लागला तर हात वर करा, मी लगेच मदत वाढवते.’ शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. मशीन पुन्हा मिळणार नाही या भीतीनंच कितीतरी पेशंट धापा टाकायला लागतात.

महाराष्ट्रातल्या आयसीयूंमध्ये केरळहून आलेल्या नर्स मोठ्या संख्येनं आहेत. पेशंट मात्र फक्त मराठी समजणारा, कधी अहिराणी किंवा पावरी बोलणारा असतो. पाच वाक्यं सगळ्यांना पाठ हवीत: डोळे उघडा. माझ्याकडे बघा. माझा हात दाबा. जीभ बाहेर काढा. जोरात खोका. पेशंटची बोली वेगळी असेल तर बाहेर बसलेल्या नातेवाइकाकडून हीच वाक्यं त्या बोलीत मागून घ्या आणि बेडजवळ कागदावर लावा.

एक चित्रफलकही ठेवा. पाणी, दुखतंय, घुसमट, कूस बदला, लघवी, थंडी, घरचे, आणि खाली क ख ग घ. लिहिता येणाऱ्याला पॅड आणि जाड पेन द्या. बारीक बॉलपेन सुजलेल्या बोटांत धरता येत नाही.

आमच्याकडे एक आजोबा होते. दोन दिवस त्यांच्या चार्टवर ‘सूचना पाळत नाहीत’ असं येत होतं, आणि त्यामुळे ट्यूब काढायचं पुढे जात होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कानाकडे बोट केलं आणि मग दाराकडे. कानाचं यंत्र मुलाच्या पिशवीत होतं. यंत्र लावल्यावर पहिल्याच हाकेला त्यांनी जीभ बाहेर काढली. चष्मा, कानाचं यंत्र, हातातलं घड्याळ या वस्तू घरच्यांकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या. पेशंट गोंधळलेला आहे असं लिहिण्याआधी त्याला दिसतंय आणि ऐकू येतंय ना, हे बघा.

ट्रायलची तयारी

सक्शन करा, पण ट्रायल सुरू करायच्या क्षणी नको. करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. पेशंटला जितकं सरळ बसवता येईल तितकं बसवा. घसरून पायाकडे गेलेला असेल तर वॉर्डबॉय मामांना हाक मारून आधी वर ओढून घ्या. ट्यूब ओठाजवळ किती सेंटीमीटरवर बांधली आहे ते बघा. मोठ्यांमध्ये सहसा बायकांना २१ आणि पुरुषांना २३ च्या आसपास असते. सर्किटमधलं पाणी काढा. फिल्टर ओला किंवा चिकट झाला असेल तर बदला. भरलेल्या फिल्टरमधून श्वास ओढताना दमलेला पेशंट मी पाहिला आहे, आणि मॉनिटरवर फिल्टरचा दोष दिसत नाही.

ट्रायल सुरू करण्याआधीचे आकडे कागदावर लिहून ठेवा: श्वास, नाडी, बीपी, सॅच्युरेशन, घाम, रास. पुढची तुलना यांच्याशीच होणार आहे. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची गाडी) आणि अ‍ॅम्बू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी हवी.

अर्धा तास

ट्रायल दोन प्रकारे होते. व्हेंटिलेटरवरच ठेवून प्रेशर सपोर्ट (पेशंटच्या प्रत्येक श्वासाला मशीनचा दाबाचा आधार) ५ ते ८ आणि पीप ५ पर्यंत, किंवा व्हेंटिलेटर काढून टी-पीसवर (ट्यूबला जोडलेल्या टी आकाराच्या नळीवर) ऑक्सिजन. १९९९ च्या अभ्यासात ३० मिनिटांची ट्रायल १२० मिनिटांच्या ट्रायलइतकीच कामाची ठरली. २०१९ मध्ये अर्ध्या तासाच्या प्रेशर सपोर्ट ट्रायलनंतर ८२.३ टक्के पेशंटांची ट्यूब यशस्वीपणे निघाली, दोन तासांच्या टी-पीसनंतर ७४ टक्क्यांची. सरसकट सगळ्यांना दोन तास टी-पीसवर दमवण्याची गरज नाही. ज्यांचं हृदय कमकुवत आहे त्यांच्यात मात्र टी-पीसवर काही गोष्टी उघड होतात, ज्या प्रेशर सपोर्ट झाकून ठेवतो. कोणाला कुठली पद्धत, हे डॉक्टर ठरवतील.

सुरुवातीला श्वासांचा वेग भागिले लिटरमधलं श्वासाचं आकारमान, हा आकडा काढतात, त्याला आरएसबीआय म्हणतात. मिनिटाला ३० श्वास आणि प्रत्येक श्वास ३०० मिली असेल, तर ३० भागिले ०.३ म्हणजे १००. १९९१ साली मांडलेली १०५ ची सीमा आजही वापरतात. सीमेच्या वर गेलं तर उथळ, भराभर श्वास चाललाय असा अर्थ. पण हा आकडा एकट्यानं निर्णय घेण्याइतका भरवशाचा नाही.

पहिली पाच मिनिटं पेशंटच्या बाजूलाच उभ्या राहा. मशीनकडे पाठ चालेल, पेशंटकडे नको. हात पोटावर हलकेच ठेवा. श्वास आत जाताना पोट वर यायला हवं. छाती वर आणि पोट आत असं उलट चाललं असेल तर श्वासपटल दमलंय. मानेचे स्नायू दोरीसारखे ताणलेत का, नाकपुड्या फुलतायत का, गळ्याच्या खाचेतली त्वचा आत ओढली जातेय का, हे बघा. मग चेहरा बघा.

थांबवायच्या खुणा सहसा अशा धरतात: श्वास मिनिटाला ३५ च्या वर टिकून राहणं, सॅच्युरेशन ९० च्या खाली (सीओपीडीत वर सांगितलेल्या ८८ च्या खाली), नाडी १४० च्या वर किंवा सुरुवातीपेक्षा २० टक्क्यांनी वाढलेली, वरचं बीपी १८० च्या वर किंवा ९० च्या खाली, नव्यानं अनियमित ठोके, दरदरून घाम, वाढती घालमेल किंवा उलट झापड. झापड जास्त धोक्याची. धापा टाकणारा पेशंट अचानक शांत झाला तर ‘सेटल झाला’ असं समजून चालू नका, कार्बन डायऑक्साइड वाढलेला असू शकतो. लगेच हलवून जागं करा, डॉक्टरांना बोलवा, एबीजीची (धमनीच्या रक्तातले वायू तपासायची) तयारी ठेवा.

आकडे चांगले असताना काय करायचं? एका आजींची ट्रायल सुरू होती. बाराव्या मिनिटाला श्वास २८, सॅच्युरेशन ९७, मॉनिटरवर एकही अलार्म नाही. पण वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले होते आणि उजव्या हातानं चादरीची कड चिमटीत घट्ट धरली होती. नाडी ८८ वरून १०४ वर गेली होती, म्हणजे सीमेच्या जरा आतच. बेडवरच्या सिस्टरनं वीस मिनिटं पूर्ण व्हायची वाट बघितली नाही. डॉक्टर आले, ईसीजी काढला, तर हृदयाला रक्त कमी पडत असल्याचे बदल दिसले. ट्रायल थांबली. हृदयाची औषधं जुळवली, लघवीच्या औषधानं अंगातलं जादा पाणी काढलं, आणि दोन दिवसांनी त्यांची ट्यूब निघाली. ‘मला पेशंट बरा वाटत नाही’ हे वाक्य डॉक्टरांना सांगायला कचरू नका, फक्त त्याच्यापुढे काय दिसलं ते जोडा: घाम, हात, नाडी किती होती आणि किती झाली.

पार पडलं नाही तर

पुन्हा पुरेसा आधार द्या आणि त्या दिवशी पेशंटला आराम करू द्या. साधारणपणे दुसऱ्या दिवशीच पुन्हा ट्रायल घेतात. एकाच दिवसात पुन्हा पुन्हा प्रयत्न करून फायदा होत नाही, १९९५ च्या अभ्यासात दिवसातून एकदा केलेली ट्रायलही तितकीच उपयोगी पडली.

मधल्या वेळात कारण शोधायचं, आणि त्यात नर्सची टिपणं सोन्याची असतात. किती मिनिटांनी बिघडलं? पहिल्या दोन-तीन मिनिटांतच बिघडलं असेल तर भीती, चिकट बेडका किंवा ट्यूबची अडचण आठवा. हळूहळू पंधरा-वीस मिनिटांत बिघडलं असेल तर स्नायूंची ताकद आणि हृदय. मशीनचा दाब निघाला की छातीकडे परतणारं रक्त वाढतं, त्यामुळे कमकुवत हृदयाच्या पेशंटच्या फुप्फुसांत पाणी भरू शकतं. म्हणून चार-पाच दिवसांचा इनटेक-आउटपुटचा हिशोब एकत्र करून दाखवा. रोज पाचशे मिलीनं वाढत गेलेला बॅलन्स एका दिवसाच्या चार्टवर डोळ्यात भरत नाही. पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट कमी असेल तर स्नायू काम करत नाहीत. ताप, अपुरं अन्न, रक्ताची कमतरता, रात्रीची झोप, सगळं मांडा.

आणि हलवा पेशंटला. फिजिओथेरपिस्टच्या मदतीनं बेडच्या कडेला पाय सोडून बसवणं, नंतर खुर्चीत बसवणं, ट्यूब असतानाही करता येतं. त्यासाठी माणसं लागतात: एक ट्यूब धरायला, एक लाईन सांभाळायला, एक पेशंटला आधार द्यायला. मनुष्यबळ कमी असलेल्या ठिकाणी रोज जमणार नाही, पण आठवड्यात दोन-तीनदा जमलं तरी फरक दिसतो.

ट्यूब काढणं

ट्रायल पार पडली म्हणजे फुप्फुसांची तयारी आहे. घशाची आणि खोकल्याची आहे का, हे वेगळं बघावं लागतं. आधीची वाक्यं इथे कामी येतात: डोळे उघडा, माझ्याकडे बघा, हात दाबा, जीभ काढा. मग खोकायला सांगा. ट्यूबच्या तोंडापासून एक-दोन सेंटीमीटरवर कोरं पांढरं कार्ड धरून दोन-चार वेळा खोकायला सांगायची साधी चाचणी आहे. कार्डावर ओल दिसली तर खोकल्यात जोर आहे.

ट्यूब सहा दिवसांहून जास्त राहिली असेल, घालताना त्रास झाला असेल किंवा ट्यूब मोठी असेल, तर घशाला सूज असू शकते. अशा वेळी डॉक्टर फुगा सोडून हवेची गळती मोजतात. गळती फारच कमी, म्हणजे ११० मिलीच्या आत असेल तर ट्यूब काढण्याआधी निदान चार तास स्टिरॉइड देतात. म्हणून ही चाचणी ऐनवेळी नको, सकाळीच होऊ द्या.

युनिटच्या नियमाप्रमाणे अन्न थांबवा आणि राईल्स ट्यूब ओढून पोट रिकामं करा. शक्यतो दिवसा काढा, पुन्हा ट्यूब घालू शकणारे डॉक्टर हजर असताना. पेशंटला बसवा, आधी ट्यूबमधून आणि मग तोंडातून, घशाच्या मागच्या बाजूपर्यंत सक्शन करा. फुग्यावर साठलेली लाळ फुगा सोडल्यावर खाली जाते. बांधलेली पट्टी सोडा, दीर्घ श्वास घ्यायला सांगा, फुगा पूर्ण सोडा आणि श्वास भरलेला असताना ट्यूब काढा. लगेच खोकायला लावा, बेडका काढा, ऑक्सिजन लावा. मग नाव विचारा. घोगरा का होईना, आवाज आला की पेशंटचा चेहराच पालटतो.

काढल्यानंतरचे तास

पहिली पंधरा मिनिटं जागेवरून हलू नका, पहिला तास नजर हटवू नका. श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज आला तर तो स्ट्रायडर. बसवून ठेवा, डॉक्टरांना बोलवा, अ‍ॅड्रेनलिनच्या नेब्युलायझेशनची तयारी करा. आवाज कमी होत असताना पेशंट जास्त दमत असेल तर सुधारणा समजू नका, हवा जाणंच कमी झालेलं असतं.

वय जास्त, हृदयविकार किंवा सीओपीडी असलेल्यांना ट्यूब काढल्याबरोबर बायपॅप (मास्कमधून दाबानं श्वासाला आधार) किंवा हाय-फ्लो (नाकातून मोठ्या वेगानं ऑक्सिजन) लावण्याचा फायदा होतो. दम लागायची वाट बघून मग लावण्यापेक्षा हे आधीच ठरलेलं बरं. म्हणून ट्यूब काढायच्या आधीच मास्क मापाचा आहे का ते बघून ठेवा.

पाणी लगेच देऊ नका. पेशंट पाणीच मागतो आणि नातेवाईक कळवळून चमचा पुढे करतात. गिळण्याची ताकद काही तास, कधी काही दिवस कमी असते. ओठ ओले करा, तोंड पुसा, आणि गिळण्याची तपासणी झाल्यावरच चमच्यानं सुरुवात. पहिल्या ४८ तासांत बिघडणं जास्त होतं, त्यामुळे पुढच्या पाळीला ‘एक्स्ट्युबेटेड, स्टेबल’ (ट्यूब काढली, ठीक आहे) एवढंच देऊ नका. किती वाजता काढली, खोकला कसा, बेडका किती आणि कसा, आवाज कसा, हे सांगा.

विषबाधा आणि मण्यार

आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या रुग्णालयांत व्हेंटिलेटरवर येणाऱ्यांत कीटकनाशकाची विषबाधा आणि मण्यारचा दंश यांचा मोठा वाटा असतो. यांची फुप्फुसं बहुतेकदा चांगली असतात, स्नायू हललेले नसतात. त्यामुळे ऑक्सिजनचे आकडे लवकर सुंदर दिसतात आणि फसवतात.

ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत पहिला झटका ओसरल्यावर २४ ते ९६ तासांत मान, खांदे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. अ‍ॅट्रोपीननं (या विषावरच्या औषधानं) हे सुधारत नाही. रोज सकाळी एक गोष्ट करा: पेशंटला उशीवरून मान उचलायला सांगा आणि मनात पाच मोजा. मान टिकत नसेल तर ट्रायलचे आकडे कितीही चांगले असले तरी डॉक्टरांना हे आधी सांगा. बाहुल्या, घाम, लाळ, नाडी यांची नोंद ठेवा. लाळ आणि बेडका पुन्हा वाढायला लागला तर विषाचा परिणाम परततोय का, हे बघावं लागतं. अ‍ॅट्रोपीनमुळे बेडका घट्ट होऊन ट्यूब चोंदू शकते, म्हणून ओलावा नीट ठेवा. अ‍ॅट्रोपीन जास्त झालं तर पेशंट बरळतो, अंग तापतं, पोटाची हालचाल थांबते. या बरळण्याला मनाचा आजार समजू नका. आणि ज्यानं विष स्वतः घेतलंय, त्याला ट्यूब निघाल्यावर ‘असं का केलंस’ हा प्रश्न बेडजवळ कोणालाही विचारू देऊ नका. मानसोपचाराचा रेफरन्स आधीच मागून ठेवा आणि त्या पेशंटला एकटं ठेवू नका.

मण्यार चावलेला पेशंट तर सगळ्यांत फसवा. पापण्या पडलेल्या, हातपाय लुळे, कधी बाहुल्याही मोठ्या आणि न हलणाऱ्या. बघणाऱ्याला वाटतं मेंदूच गेला. पण तो पूर्ण शुद्धीत असू शकतो, सगळं ऐकत असू शकतो, आणि सापाच्या विषावरची लस दिल्यावरही लुळेपणा उतरायला काही दिवस लागतात. पापणी बोटानं हळूच उचला, त्याच्या नजरेसमोर या आणि सांगा: ‘साप चावलाय, त्यामुळे हात हलत नाहीत. ताकद परत येईल. मशीन तोवर श्वास देतंय.’ मग पायाच्या अंगठ्यावर किंवा एखाद्या बोटावर हात ठेवून हलवायला सांगा. बारीकशी थरथर आली की एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं ठरवून घ्या आणि कागदावर लिहून बेडला लावा. डोळे उघडे राहत असतील तर मलम आणि पट्टी. अशा पेशंटला दुखणं आणि भीतीसाठी औषध हवं असतं, आणि तो ते मागू शकत नाही.

ज्यांना महिना लागतो

तीनहून अधिक ट्रायल किंवा पहिल्या ट्रायलपासून सात दिवसांहून जास्त लागले तर त्याला लांबलेलं वीनिंग (मशीन सोडवणं) म्हणतात. यांच्यात बहुतेकदा ट्रेकिओस्टॉमी (गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत ट्यूब घालणं) होते. मग पद्धत बदलते: दिवसातून ठरलेला वेळ ट्रेकिओस्टॉमीच्या मास्कवर ऑक्सिजन, उरलेला वेळ आणि रात्री आधार. आज एक तास, उद्या दोन. वेळापत्रक पेशंटला दिसेल असं भिंतीवर लावा. वाईट दिवस येतील, तेव्हा मागच्या पायरीवर या.

बोलण्याचा व्हॉल्व्ह लावायचा असेल तर ट्यूबचा फुगा पूर्ण रिकामा असायलाच हवा. फुगा भरलेला असताना हा व्हॉल्व्ह लावला तर हवा आत जाते आणि बाहेर पडायला वाटच राहत नाही, पेशंट मिनिटांत गुदमरतो. व्हॉल्व्ह लावणाऱ्यानं दर वेळी फुगा स्वतःच्या हातानं सिरिंजनं तपासायचा, दुसऱ्याच्या शब्दावर नाही.

घरच्यांना काय सांगायचं

‘मशीन कधी निघणार?’ हा प्रश्न दिवसातून दहादा येतो. तारीख देऊ नका. आज काय झालं ते सांगा: ‘आज अर्धा तास स्वतः श्वास घेतला, उद्या परत बघणार.’ भेटायला येणाऱ्याला आत सोडण्याआधी दोन वाक्यं शिकवा: रडून ‘लवकर बरे व्हा’ म्हणण्यापेक्षा हात धरा, आज कुठला वार आहे, घरी कोण काय करतंय ते सांगा. घरच्या आवाजानं श्वास संथ झालेला मॉनिटरवर अनेकदा दिसतो. ट्रायलच्या वेळी पेशंट घाबरट असेल तर डॉक्टरांना विचारून जवळचं एक माणूस बाजूला बसवा.

वॉर्डमध्ये हलवताना त्यांना हेही सांगून पाठवा. हातापायांत ताकद यायला आठवडे, कधी महिने लागतात. पेशंटला आयसीयूतली विचित्र स्वप्नं आठवतील, कोणी मारायला आलं होतं असं तो सांगेल; वाद न घालता ऐकून घ्या, आणि त्रास टिकला तर डॉक्टरांना सांगा. जेवताना सरळ बसवा, घोट लहान द्या, ठसका लागला तर थांबा. आवाज घोगरा राहणं काही दिवस चालतं, पण दोन-तीन आठवड्यांनंतरही राहिला, किंवा चालताना घशातून शिट्टीसारखा आवाज येऊन दम लागायला लागला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ट्यूबमुळे श्वासनलिका अरुंद झालेली असू शकते, आणि ती महिन्याभरानंतरही होऊ शकते.